खाते हॅक झाले? पहिल्या तासापासून शेवटच्या अर्जापर्यंतचा खर्च

तुम्ही न केलेल्या व्यवहाराचा एसएमएस आला, चालू सिमची रेंज अचानक गेली, फोन आपोआप चालू लागला किंवा तुमच्या व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांकडे पैसे मागितले जाऊ लागले, तर सगळ्यात आधी १९३० लावा. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावा. त्यानंतर लगेच बँकेच्या तक्रार क्रमांकावर फोन करा. शाखा सकाळी उघडेल, मुलगा संध्याकाळी घरी आला की बघेल, असे म्हणत थांबू नका. चोरलेला पैसा एका खात्यात राहत नाही. भाड्याने घेतलेल्या चार-सहा खात्यांतून तो फिरवला जातो आणि कुठल्या तरी एटीएममधून काढला जातो. तो बँकिंग व्यवस्थेच्या आत आहे तोवरच गोठवता येतो.

१९३० ही केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. फोनला आणि तक्रारीला एक पैसाही लागत नाही. फोन करताना हाताशी हे ठेवा: तुमची बँक आणि खाते क्रमांक, गेलेली रक्कम, व्यवहाराची तारीख व वेळ, १२ आकडी यूटीआर किंवा व्यवहार क्रमांक आणि दिसत असेल तर पैसे ज्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर गेले ते नाव. यूटीआर बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा यूपीआय ॲपच्या हिस्टरीत मिळतो. तो सापडत नाही म्हणून फोन लांबवू नका, आहे तेवढी माहिती द्या. लाइन व्यस्त लागली तर लावत राहा आणि तोवर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पोर्टल उघडायला सांगा.

पोर्टलचा पत्ता सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. फोनवर तक्रार घेतली की एसएमएसने पोचक्रमांक येतो. तो जपून ठेवा आणि २४ तासांच्या आत पोर्टलवरचा पूर्ण अर्ज भरा. ओळखपत्राचा फोटो लागतो. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी कोणतेही एक चालते. बँकेचे स्टेटमेंट आणि स्क्रीनशॉट जोडा. एकेक फाइल १० एमबीपेक्षा मोठी नको. घटनेचे वर्णन किमान २०० अक्षरांचे हवे आणि त्यात विशेष चिन्हे चालत नाहीत. यूपीआय आयडीतले ‘ॲट द रेट’ चिन्ह वर्णनात घातले की अर्ज अडू शकतो, म्हणून आयडी त्याच्या रकान्यात लिहा किंवा स्क्रीनशॉटमधून दाखवा. हा अर्ज भरायला सेवा केंद्राची किंवा सायबर कॅफेची गरज नाही. तिथे गेलातच तर टायपिंग आणि स्कॅनिंगचे पैसे द्या. ‘तक्रारीची सरकारी फी’ कुणी मागितली तर देऊ नका, अशी फी अस्तित्वातच नाही.

फोनचे काय करायचे

अलीकडच्या बऱ्याच घटनांची सुरुवात व्हॉट्सॲपवर आलेल्या एखाद्या एपीके फाइलने होते. नाव असते ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘पीएम किसान’. फाइल उघडून ॲप बसवले आणि एसएमएस वाचण्याची परवानगी दिली, की तुमचे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागतात. असे काही झाल्याचा संशय आला तर फोनचे इंटरनेट आणि वायफाय बंद करा. सिम काढून साध्या, बटणांच्या फोनमध्ये घाला. पुढचे ओटीपी तिथे येतील आणि चोराला दिसणार नाहीत. पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलायचे ते दुसऱ्या सुरक्षित फोनवरून. बाधित फोनवर बदललेला पासवर्ड चोरालाही कळतो.

फोन लगेच फॅक्टरी रीसेट करू नका. आधी ती फाइल, ती पाठवणारा क्रमांक आणि ॲपचे नाव यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा. पोलिसांना फोन तपासायचा आहे का, ते विचारा. नंतर रीसेट करा. ते तुम्ही घरीही करू शकता. दुकानात दिलात तर दर आधी ठरवा आणि अनलॉक केलेला फोन दुकानदाराकडे ठेवून घरी जाऊ नका. बॉट आणि मालवेअर काढण्याची साधने केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात. विकतचे अँटिव्हायरस घ्यायचे असेल तर सावकाश घ्या, घाबरलेल्या अवस्थेत तीन वर्षांचे पॅकेज घेऊ नका.

सिमच बंद पडले असेल, म्हणजे दुसऱ्याने तुमच्या नावावर डुप्लिकेट सिम काढल्याचा संशय असेल, तर मोबाइल कंपनीला फोन करून क्रमांक बंद करा आणि आधार घेऊन कंपनीच्या अधिकृत गॅलरीत जा. नव्या सिमचे शुल्क कंपनीगणिक वेगळे, पण किरकोळ असते. अडचण निराळी आहे: नवे सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. हे तुमच्याच संरक्षणासाठी आहे, पण त्या दिवशी ओटीपी येणार नाही. म्हणून खाते, कार्ड आणि नेट बँकिंग बंद करण्याचे काम सिम मिळेपर्यंत लांबवू नका, बँकेला फोन करून आधीच उरकून घ्या. तुमच्या नावावर एकूण किती सिम चालू आहेत, हे ‘संचार साथी’ पोर्टलवर फुकट दिसते आणि अनोळखी सिमची तक्रारही तिथेच करता येते.

व्हॉट्सॲप गेले असेल तर त्याच क्रमांकाने पुन्हा नोंदणी करा. सहा आकडी कोड टाकला की चोर बाहेर पडतो. मात्र त्याने मध्येच स्वतःचा दुहेरी पडताळणी पिन लावला असेल तर तुम्हाला आत यायला सात दिवस थांबावे लागते. तेवढ्या काळात ओळखीच्यांना साध्या फोनने कळवा. ईमेल परत मिळाल्यावर फक्त पासवर्ड बदलून थांबू नका. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग, फिल्टर आणि रिकव्हरी क्रमांक तपासा. चोर तिथे आपला पत्ता ठेवून जातो आणि तुमचे मेल महिनोन्महिने वाचत राहतो.

पैसे कोणाच्या खिशातून जातात

बहुतेक लोक फसतात ते इथे, म्हणून हा भाग दोनदा वाचा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघाले. चूक किंवा हलगर्जी बँकेची असेल तर तुमचे नुकसान शून्य, तुम्ही कळवले असो वा नसो. चूक ना बँकेची ना तुमची, व्यवस्थेत कुठे तरी भोक पडले असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही तुमचे नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर तुमच्यावर मर्यादित भार येतो: मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये, साध्या बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला १०,००० रुपये, मोठ्या मर्यादेच्या कार्डांना आणि इतर चालू खात्यांना २५,००० रुपये. व्यवहाराची रक्कम यापेक्षा कमी असेल तर तेवढीच. सात दिवस उलटले की बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू होते, आणि ते तुमच्या बाजूचे असेलच असे नाही.

दिवस कसे मोजायचे? बँकेचा संदेश आला तो दिवस धरायचा नाही आणि तुमच्या मूळ शाखेच्या सुट्ट्याही धरायच्या नाहीत. समजा, महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी एसएमएस आला. शनिवार, रविवार सुटी. मग सोमवार, मंगळवार, बुधवार हे तुमचे तीन दिवस. ही मुदत नुकसानभरपाईच्या हिशेबासाठी आहे. १९३० चा फोन मात्र त्या शुक्रवारीच झाला पाहिजे.

आता ओटीपीचा प्रश्न. तुम्ही स्वतः ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कुणाला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणजे चूक झाली असली तरी फोन करण्यात अर्थ आहे, उलट तेव्हाच जास्त आहे, कारण पहिल्या व्यवहारानंतर दुसरा आणि तिसरा येतो. लाज वाटून गप्प बसल्याने जेवढे पैसे जातात, त्यांना कायद्यात काहीच संरक्षण नाही.

तक्रारीत जे घडले तेच लिहा, पण नेमके लिहा. ‘माझ्याकडून चुकून ओटीपी गेला’ आणि ‘मी ओटीपी कुणालाही दिला नाही, फोनमध्ये बसलेल्या ॲपने तो परस्पर वाचला’ या दोन वाक्यांमधले अंतर तुमच्या सगळ्या रकमेएवढे असू शकते. शाखेत डिस्प्यूट फॉर्म भरायला दिला तर त्यातला छापील मजकूर वाचल्याशिवाय सही करू नका. कर्मचाऱ्याने तुमच्या वतीने कारण लिहिले असेल आणि ते खरे नसेल तर खोडून स्वतः लिहा, बाजूला सही करा. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, हे परिपत्रकातच म्हटले आहे. ‘ओटीपीशिवाय व्यवहार होतच नाही, म्हणजे तुम्हीच दिला असणार’ हा काउंटरवरचा युक्तिवाद म्हणजे पुरावा नव्हे. लेखी उत्तर मागा.

तक्रार मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. ही जमा दिसली म्हणजे पैसे कायमचे मिळाले असे नाही, चौकशी तुमच्या विरुद्ध गेली तर ती उलटवली जाते. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि वेळ नोंदलेली पोच घ्या. नुसते फोनवर बोलणे पुरत नाही, त्याच दिवशी नोंदणीकृत ईमेलवरून दोन ओळी पाठवा.

पतसंस्थेत पैसे असतील तर वेगळे सांगणे भाग आहे. गावोगावच्या पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत आहेत, रिझर्व्ह बँकेच्या नाहीत. वरचे परिपत्रक त्यांना लागू नाही आणि बँकिंग लोकपालही त्यांची तक्रार घेत नाही. ॲपवरून व्यवहार देणाऱ्या पतसंस्थेत मोठी शिल्लक ठेवण्याआधी, हॅकिंग झाले तर भरपाई कोण देणार, हे लेखी विचारा.

बँकेने हात वर केले तर

पहिली पायरी लोकपाल. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करा. पत्ता सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, माहितीसाठी फोन १४४४८. शुल्क नाही, वकील लागत नाही. वकिलामार्फत केलेली तक्रार स्वीकारलीच जात नाही. अर्जदार स्वतःच वकील असेल तेवढाच अपवाद. बँकेला केलेल्या तक्रारीची प्रत आणि तिचे उत्तर जोडा. आधी बँकेकडे न जाता थेट इथे आलात तर तक्रार परत जाते आणि तुमचा महिना फुकट जातो.

दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथे फी नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो आणि मुदत घटनेपासून दोन वर्षे. एकाच वेळी लोकपाल आणि आयोग दोन्हीकडे जाऊ नका, लोकपाल तक्रार बंद करतो.

तिसरा रस्ता फारसा कुणाला माहीत नसतो, आणि मोठी रक्कम गेली असेल तर माझ्या मते तोच सर्वांत परिणामकारक आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हा न्यायनिर्णय अधिकारी असतो. महाराष्ट्रात अर्ज मंत्रालयात जातो. पाच कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे तो ऐकतो, अगदी बँक आणि मोबाइल कंपनीविरुद्धही. पुण्यातल्या एका उद्योजकाने फिशिंग मेलला उत्तर दिले होते आणि त्याच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. तरीही २०१३ मध्ये तत्कालीन सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, कारण चोराची खाती उघडताना आणि व्यवहार होऊ देताना बँकेने काळजी घेतली नव्हती. तुमची चूक थोडी असली तरी सगळा भार तुमच्यावर येतोच असे नाही, हे या आदेशातून दिसते.

इथे मात्र फी आहे. अर्जाची ५० रुपये आणि वर दाव्याच्या रकमेवर. दहा हजारांपर्यंतच्या दाव्याला दहा टक्के. पन्नास हजारांपर्यंत १,००० रुपये अधिक दहा हजारांवरच्या रकमेच्या पाच टक्के. एक लाखापर्यंत ३,००० रुपये अधिक पन्नास हजारांवरच्या रकमेच्या चार टक्के. त्यापुढे ५,००० रुपये अधिक लाखावरच्या रकमेच्या दोन टक्के. चार लाख गेले असतील तर हिशेब असा: ५,००० अधिक तीन लाखांचे दोन टक्के म्हणजे ६,००० अधिक ५०, एकूण ११,०५० रुपये. दाव्यात मनस्तापाचे पाच लाख घालण्याचा मोह झाला तर फीही वाढते, हे लक्षात ठेवा. नियमांनुसार निकाल शक्यतो चार, फार तर सहा महिन्यांत लागायचा असतो, प्रत्यक्षात जास्त धरून चला. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत दिल्लीच्या टीडीसॅट न्यायाधिकरणात अपील करता येते. वकिलाची फी यात धरलेली नाही. ती लेखी ठरवा, ‘मिळालेल्या रकमेच्या इतके टक्के’ असा करार करू नका. वकिलाने अशी टक्केवारी घेण्यास बार कौन्सिलचे नियम मनाई करतात.

पोलीस ठाणे

जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर पोलीस ठाणे आहे, मुंबईत विभागवार आहेत, गोव्यात रायबंदरला. पण कोणत्याही जवळच्या ठाण्यात तुम्ही जाऊ शकता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्द आपली नाही या कारणावरून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही, त्याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत सही करायला जावे लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तक्रार साध्या कागदावर लिहा, स्टॅम्प पेपर लागत नाही. ठाण्याबाहेर कुणी प्रतिज्ञापत्राचा आग्रह धरला तर आत जाऊन अधिकाऱ्याला विचारा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो, म्हणून तो सुटीवर असेल तर चार दिवसांनी या असे सांगितले जाऊ शकते. अर्ज तरी त्याच दिवशी द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. नोंदच नाकारली तर पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांना टपालाने कळवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

१९३० मुळे रक्कम होल्ड झाली, याचा अर्थ ती आपोआप परत येते असा नाही. ती सोडवून घ्यायला बहुधा न्यायालयाचा आदेश लागतो. त्यासाठी तपास अधिकाऱ्याकडून होल्ड झालेल्या रकमेचा तपशील, कोणत्या बँकेत किती, असा घ्या. त्याच्या अहवालासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. इथे न्यायालयीन मुद्रांक, झेरॉक्स आणि वकील घेतला तर त्याची फी एवढा खर्च येतो. पोचक्रमांक टाकून पोर्टलवर स्थिती बघत राहा, पाठपुरावा नसलेली रक्कम तशीच पडून राहते.

उलट बाजूही सांगतो. तुमचा काहीही दोष नसताना तुमचे खाते गोठू शकते, कारण एखाद्या गिऱ्हाइकाने दिलेले दोनशे रुपये चोरीच्या साखळीतले निघाले. दुकानदार, रिक्षाचालक, खानावळीवाले यांना हे घडते. बँकेकडून लेखी मागा: कोणत्या राज्याच्या पोलिसांची सूचना, तक्रार क्रमांक, वादग्रस्त रक्कम किती. तेवढीच रक्कम होल्ड ठेवून बाकी खाते मोकळे करा, अशी लेखी विनंती बँकेला आणि त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने करा, बिल किंवा पावती जोडा. या काळात परत गेलेल्या हप्त्यांचा आणि धनादेशांचा दंड हा खरा छुपा खर्च आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेला आधीच कळवा. ‘खाते खुले करून देतो’ म्हणून फोनवर टक्केवारी मागणारा माणूस पोलीस नसतो.

दुसरी चोरी

हॅक झालेल्या माणसाला चार-आठ दिवसांत दुसरा फोन येतो. ‘तुमची रक्कम सापडली आहे, प्रोसेसिंग फी भरा.’ ‘आम्ही एथिकल हॅकर आहोत, चोराचे खाते फोडून पैसे आणतो.’ ‘इन्स्टाग्राम एका तासात परत देतो.’ पैसे गेल्याची माहिती त्या माणसाकडे आली कुठून, एवढाच विचार करा. यातले एकही काम कायदेशीर मार्गाने कुणी करू शकत नाही. दुसऱ्याचे खाते फोडणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा पाच लाखांपर्यंत दंडाचा किंवा दोन्हींचा गुन्हा आहे, आणि पैसे देऊन ते करवून घेणारा म्हणून तुम्हीही त्यात ओढले जाता. गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम यांची खाते परत मिळवण्याची सोय त्यांच्याच पानावर आणि फुकट आहे. नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या जागेवरून प्रयत्न करा, ओळख पटायला मदत होते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ऐकले नाही तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येते, त्यालाही फी नाही. कस्टमर केअरचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका, पासबुकवरचा किंवा कार्डाच्या मागचा घ्या.

दुकान, कारखाना, संस्था, दवाखाना

मोठ्यांचे काय झाले ते थोडक्यात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला ९४ कोटी ४२ लाख रुपये काढले गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले, आणि एकूण रकमेतले १३ कोटी ९२ लाख स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून हाँगकाँगला गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. त्यात नुकसान बँकेचे झाले, खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला सर्व्हर बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून बिलापर्यंत सगळे कागदावर चालले.

तुमचा उद्योग याच्या शंभराव्या भागाएवढाही नसेल. म्हणूनच तुमच्यासाठी दोनच प्रकार महत्त्वाचे आहेत. पहिला, मेल हॅक करून बदललेले बिल. पुरवठादाराच्या खऱ्या मेलवरून, खऱ्या बिलाच्या नमुन्यात, फक्त बँक खाते बदलून पत्र येते. पैसे गेल्यावर महिनाभराने पुरवठादार थकबाकी मागतो तेव्हा कळते. उपाय बिनखर्चाचा: खाते बदलल्याचे पत्र आले की मेलमधल्या नाही, तुमच्या जुन्या वहीतल्या क्रमांकावर फोन करा आणि बोलून खात्री झाल्याशिवाय पैसे सोडू नका. हिशेबनिसाला हा नियम लेखी द्या, ‘साहेबांचा मेल आला होता’ हे कारण चालणार नाही असेही सांगा.

दुसरा, खंडणीचे सॉफ्टवेअर. सकाळी टॅली उघडत नाही आणि पडद्यावर बिटकॉइनची मागणी असते. यंत्राची नेटवर्कची वायर काढा, यंत्र बंद-चालू करत बसू नका, पडद्याचा फोटो घ्या. खंडणी देऊ नका. २७ जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ने न्हावाशेवा बंदरातले एक टर्मिनल थांबवले होते. त्यातही खंडणीची मागणी होती, पण ते मुळात डेटा नष्ट करण्यासाठीच लिहिलेले होते आणि पैसे भरूनही फाइली परत येणार नव्हत्या. युरोपोल आणि इतरांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या चाव्या फुकट मिळतात. डेटा परत मिळवून देणाऱ्या दुकानदाराला पैसे देण्याआधी तिथे बघा.

खर्चाचा अंदाज बांधताना फक्त संगणकवाल्याचे बिल धरू नका. बंद पडलेले दिवस, हाताने पुन्हा टाकलेल्या नोंदी, जीएसटी विवरण उशिरा गेल्याचे विलंब शुल्क आणि व्याज, ग्राहकांना द्यावी लागणारी उत्तरे, या सगळ्यापुढे ते बिल लहान वाटते. त्यापुढे दोन बाह्य हार्ड डिस्क स्वस्त आहेत. आठवड्याला आलटून-पालटून बॅकअप घ्या आणि काम झाले की वायर काढून डिस्क कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवलेली डिस्कही त्याच वेळी कुलूपबंद होते. महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधून फाइल खरोखर उघडते का ते पाहा.

कायद्याचे बंधनही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. कळवायला शुल्क नाही, टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९. लोकांची वैयक्तिक माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रुग्णांचे आधार क्रमांक एक्सेल फाइलमध्ये ठेवणाऱ्या दवाखान्यांनी आणि विद्यार्थ्यांचे फोटो-पत्ते व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्या क्लासवाल्यांनी हे आतापासून मनावर घ्यावे.

फुकट मिळते ते आधी घ्या

आधारचे बायोमेट्रिक लॉक यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर किंवा एमआधार ॲपवर करता येते. ठशांची नक्कल करून आधारवरून पैसे काढण्याची वाट त्याने बंद होते. रेशन किंवा सिमसाठी अंगठा द्यायचा असेल तेव्हा तात्पुरते उघडा. चारही पतमाहिती कंपन्या, म्हणजे सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. दर तीन महिन्यांनी एकीचा मागवा, वर्षभर नजर राहते. तुम्ही न घेतलेले कर्ज दिसले तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायची असते. मात्र अहवाल काढताना मासिक वर्गणीचा चौकोन आधीच टिक केलेला आहे का ते बघा.

एसएमएस सूचना बंद करून तिमाहीचे थोडेसे पैसे वाचवू नका. तोच संदेश तीन दिवसांची मुदत सुरू करतो आणि तोच तुमचा पुरावा असतो. सायबर विमा घ्यायचा असेल तर हप्ता शेवटी बघा. आधी बघा: स्वतः ओटीपी दिला तर भरपाई आहे का, किती तासांत कळवायचे, एफआयआर सक्तीचा आहे का, सुरुवातीची किती रक्कम तुम्ही सोसायची, आणि घरातले सगळे धरले आहेत की एकटे तुम्ही. हप्त्यावर जीएसटी वेगळा. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर ती पॉलिसी घेऊ नका, कारण लोक फसतात ते बहुधा तिथेच.

शेवटी एवढे आजच करा. १९३०, तुमच्या बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक, मूळ शाखेचा ईमेल आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो फ्रिजवर किंवा कपाटाच्या आत चिकटवा. हा कागद घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा. फोनच हॅक झाला तर फोनमध्ये साठवलेला क्रमांक हाती लागत नाही.